वाळवणीपर्यंत पोचणारा माइक

आम्ही उत्तनच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

मीरा-भाईंदर म्हटलं की उंच इमारती आणि लोकलची गर्दी डोळ्यांपुढं येते. पण भाईंदर स्टेशनावरून पश्चिमेची बस धरली की पुढं उत्तन, पाली, चौक ही आमची मासेमारीची गावं लागतात. २००२ साली इथं महानगरपालिका झाली, तरी आमचा दिवस आजही समुद्राच्या घड्याळावर चालतो. तुमच्याकडं कुरडया-पापडांचं वाळवण असतं, आमच्याकडं बोंबलांचं. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगायचे आणि उन्हाची वाट बघायची. अर्धवट सुकलेल्या मासळीवर अवकाळी पाऊस पडला, की ती नासते. बर्फाचे, मजुरीचे, उसनवारीचे पैसे मात्र द्यावेच लागतात.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली पावसाचा इशारा मोबाईलवर येतो की. येतो ना! पण आमचे हात मासळीत, मोबाईल पिशवीत आणि पिशवी सावलीत. संदेश वाचेपर्यंत सरी आलेल्या असतात. गावात कर्णे होते, पण माइक होता बंदराजवळच्या एका खोलीत. खोलीला कुलूप, आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात. एका हिवाळ्यात दुपारी आभाळ भरून आलं. आमच्यातली एक जण किल्लीसाठी तीन घरं फिरली. कुलूप उघडलं तेव्हा वाळवण भिजून चिंब झालं होतं. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं, माइक आपल्या बसायच्या खोलीत पाहिजे.

साउंडवाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, साध्या माइकची वायर एवढी लांब नेली तर आवाज क्षीण होतो आणि घरघर येते. त्यापेक्षा नेटवर्कचा माइक घ्या. आम्हाला वाटलं, हे काहीतरी मोठ्या स्टेशनावरचं प्रकरण असणार. पण समजून घेतल्यावर सोपं निघालं. तेच तुम्हाला सांगतो.

व्हिडिओ कॉलवर आपला आवाज जसा आकड्यांच्या रूपात जातो, तसाच तो या माइकमधून वायरीत जातो. पलीकडं एक छोटी पेटी असते. ती आकड्यांचा परत आवाज करून अॅम्प्लिफायरला देते, आणि अॅम्प्लिफायर कर्ण्याला. म्हणजे जुने कर्णे आणि जुना अॅम्प्लिफायर चांगले असतील तर फेकायची गरज नाही. दुसरं म्हणजे, याला इंटरनेट लागतंच असं नाही. गावातल्या गावात जोडलेलं आपलं स्वतःचं जाळं पुरतं. दर महिन्याला रिचार्ज करा, असं कुणी म्हणालं तर कशासाठी, ते आधी विचारा.

नेटवर्कची साधी वायर एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच भरवशाची. आमची वाळवणीची जागा त्याहून लांब. म्हणून खोलीच्या छपरावर एक आणि तिकडच्या खांबावर एक, अशा समोरासमोर दोन छोट्या डिश बसवल्या. मधे झाड किंवा भिंत आली तर त्या चालत नाहीत. माइकला वीजही त्याच नेटवर्कच्या वायरीतून मिळते. मात्र मधली पेटी, जिला स्विच म्हणतात, ती तशी वीज देणारी असावी लागते. घेतानाच विचारून घ्या.

आमच्या माइकला तीन बटणं आहेत. एक वाळवणीचं, एक बंदराचं आणि एक सगळीकडचं. हा फार मोठा फायदा. बोंबील आवरा हे बंदरावरच्या लोकांना ऐकवायची गरज नाही, आणि बोटीची सूचना झोपलेल्या तान्ह्या बाळाला नको.

आता चुका सांगतो, कारण त्यातूनच आम्ही शिकलो.

पहिली चूक नंबराची. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला घरासारखा एक नंबर असतो, त्याला आयपी नंबर म्हणतात. आमच्याकडं वीज गेली आणि परत आली, तेव्हा राउटरनं वाळवणीवरच्या पेटीला वेगळाच नंबर दिला. माइक जुन्या पत्त्यावर हाका मारत बसला. दोन दिवस आम्हाला वाटत होतं यंत्रच बिघडलं. शेवटी भाऊंनी प्रत्येक यंत्राला कायमचा नंबर दिला. ते नंबर, पासवर्ड आणि कुठली वायर कुठं जाते याचं चित्र आता आमच्या वहीत आहे. बसवणाऱ्याचे पूर्ण पैसे चुकते करण्याआधी हा कागद मागून घ्या. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. नाहीतर जाळ्यात शिरलेला कुणीही तुमच्या कर्ण्यावरून बोलू शकेल.

दुसरी चूक कर्ण्यांच्या तोंडांची. दोन कर्णे एकमेकांकडं तोंड करून लावले होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. एक कर्णा जवळ आणि दुसरा १७० मीटर लांब असेल, तर लांबचा शब्द अर्धा सेकंद उशिरा येतो आणि बोलणं एकमेकांत मिसळतं. कर्णे उलट्या दिशांना वळवले, थोडे खाली झुकवले आणि आवाज कमी केला, तेव्हा शब्द कळायला लागले. एका मोठ्या कर्ण्यापेक्षा छोटे तीन बरे. आमच्यातली एक जण शेवटच्या वलांडीपाशी जाऊन उभी राहिली आणि दुसरी माइकवर बोलली. तिथं ऐकू आलं तेव्हाच काम पूर्ण झालं असं आम्ही मानलं.

तिसरी चूक मात्र यंत्राची नव्हती. एका बैठकीनंतर माइक चालूच राहिला. एकदा दाबलं की बंद करेपर्यंत चालू राहील, असं ते बटण होतं. आणि आम्ही बोलत होतो एका मैत्रिणीच्या थकलेल्या हप्त्याबद्दल. तिच्या घरची अडचण, नवऱ्याचं आजारपण, सगळं तिन्ही कर्ण्यांवरून गेलं. ती तेव्हा वाळवणीवरच होती. खाली मान घालून घरी गेली. आम्ही तिच्या दारात जाऊन माफी मागितली. त्यावर ती एवढंच म्हणाली, "पावसाचं सांगायला माइक घेतलात ना?" दोन महिने ती बैठकीला आली नाही. आता येते, पण माइकपासून लांब बसते.

त्यानंतर आम्ही बटण बदलून घेतलं. दाबून धरलं तेवढाच वेळ आवाज जातो, सोडलं की बंद. बोलण्याआधी घंटा वाजते आणि माइकवर लाल दिवा लागतो. आणि पैशांची बोलणी त्या खोलीत होतच नाहीत.

नियमही केले. माइकवर बोलणाऱ्या चौघी ठरलेल्या आहेत, म्हणजे एक बाजाराला गेली तरी काम अडत नाही. किल्ली दोघींकडं. हवामान खात्याचा इशारा दोघींनी वाचून खात्री केल्याशिवाय सांगायचा नाही. कुणीतरी पुढं ढकललेला संदेश चालत नाही. बोलायचं ते हळू आणि दोनदा: काय आहे, कुठं आहे, आता काय करायचं. "पावसाचा इशारा आहे. वाळवणीवरची मासळी आवरा." एवढंच.

कायदाही लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. कर्णा लावायला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लावता येत नाही. सार्वजनिक संकटाची वेळ वेगळी. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी मुलं माइक मागतात, आम्ही देत नाही. रोज वाजणाऱ्या कर्ण्याकडं लोक कान देईनासे होतात, आणि मग खऱ्या वेळी कुणी ऐकत नाही.

शेवटचं, विजेचं. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा तिथल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही बरेच दिवस बंद होते. पुढल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या समोरच्या समुद्रातून गेलं. म्हणून आमच्याकडं माइक, राउटर, दोन्ही डिश आणि अॅम्प्लिफायर बॅटरीवरही चालतात. एकाला बॅटरी आणि दुसऱ्याला नाही, तर उपयोग शून्य. समुद्राच्या खाऱ्या हवेनं जोडण्या गंजतात, त्या दर महिन्याला पुसून तपासतो. आणि सगळंच बंद पडलं तर हातात धरायचा सेलवरचा भोंगा खुंटीला टांगलेला आहे. तो काढून टाकू नका.

ताईंनो, तुमच्या गावात वाळवण नसेल, पण नळाला पाणी कधी येणार, टँकर कुठं थांबणार, महिला ग्रामसभा किती वाजता, हे सांगायला कर्णा असेलच. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावचा माइक कुठं आहे, किल्ली कुणाकडं आहे, आणि शेवटच्या घरात त्याचा आवाज पोचतो का? उत्तर बसून देऊ नका. एकीनं त्या शेवटच्या घरापर्यंत चालत जावं आणि तिथं उभं राहून ऐकावं.