परदेशी स्थायिक होण्यापूर्वी : मागील पानावरून पुढे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



१९७२ च्या ऑगस्ट महिन्यात युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांनी तेथील आशियाई रहिवाशांना देश सोडण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत दिली. भरल्या दुकानांना कुलूप लावून, मोजकी रक्कम आणि हाती मावेल तेवढे सामान घेऊन हजारो गुजराती व पंजाबी कुटुंबे बाहेर पडली. बहुसंख्य लोक ब्रिटनला गेले. सहा हजारांहून अधिक लोकांना कॅनडाने आश्रय दिला. त्या माणसांना तयारीस अवधीच नव्हता. आज समाजातील मुलगा किंवा मुलगी परदेशी जाते, ती दोन-दोन वर्षे अर्ज, परीक्षा आणि मुलाखती पार करून जाते. अवधी भरपूर असतो. तरीही निघण्याच्या आदल्या रात्री बॅगांचे वजन करण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा मागे राहणाऱ्या घराची व्यवस्था लावण्यात जात नाही, ही वस्तुस्थिती आहे.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो. नवी वही घातली म्हणून जुने खाते पुसले जात नाही. जुन्या वहीतील शिल्लक 'मागील पानावरून पुढे' असे लिहून नव्या वहीत ओढावी लागते. परदेशगमनाचेही तसेच आहे. देश बदलला तरी येणे, देणे आणि नाती पुढे ओढावीच लागतात. आजच्या विषयाचे सूत्र एवढेच आहे. देशोदेशीचे नियम निराळे असल्यामुळे येथे कॅनडा हे एकच उदाहरण घेतले आहे. विचाराची दिशा मात्र कोणत्याही देशास लागू पडावी.

हक्क कोणता, हे आधी समजून घ्यावे

'मुलगा कॅनडात आहे' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. तो विद्यार्थी परवान्यावर असेल, कामाच्या परवान्यावर असेल, कायम वास्तव्याचा अधिकार मिळविलेला असेल किंवा तेथील नागरिक झालेला असेल. पहिले दोन परवाने मुदतीचे असतात. शिक्षण संपले म्हणजे वास्तव्य आपोआप मिळते, असा समज करून घेऊन घरावर कर्ज काढणे धोक्याचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि अनेकांचे आडाखे चुकले. कायम वास्तव्याचा अधिकारही बिनशर्त नसतो. तो टिकविण्यासाठी पाच वर्षांत किमान ७३० दिवस त्या देशात राहावे लागते. नागरिकत्वाचा अर्ज करावयाचा तर अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवसांचे वास्तव्य भरावे लागते.

२०२३ साली एक खेदजनक प्रकार उघडकीस आला. भारतातील काही मध्यस्थांनी महाविद्यालयीन प्रवेशाची बनावट पत्रे देऊन विद्यार्थ्यांना कॅनडात पाठविले होते. वर्षे गेली, शिक्षण झाले आणि मग त्या मुलांवर मायदेशी परत पाठविले जाण्याची टांगती तलवार आली. म्हणून प्रवेशपत्राची खात्री संबंधित शिक्षणसंस्थेशी थेट पत्रव्यवहार करून घ्यावी. मोबदला घेऊन सल्ला देणारी व्यक्ती तेथील वकील किंवा परवानाधारक सल्लागार असावी लागते, आणि त्यांची नावे तेथील अधिकृत यादीत पाहता येतात. माल न पाहता बयाणा देणारा व्यापारी विरळा. येथे तर प्रश्न आयुष्याचा असतो.

कागदपत्रे

जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, शिक्षणाच्या गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद आणि नोकरीची प्रमाणपत्रे या सर्वांत नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे प्रथम पाहावे. वडिलांचे नाव मधे, आडनाव शेवटी ही महाराष्ट्राची पद्धत परदेशी अर्जांच्या चौकटीत सहज बसत नाही. एका कागदावर आडनाव आणि दुसऱ्यावर गावाचे नाव, असा घोळ येथे असताना दोन-चार हेलपाट्यांत निस्तरता येतो. सात समुद्रांपलीकडून तोच घोळ दोन-चार महिने खातो.

कागदपत्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाला अपोस्टिल म्हणतात. त्याविषयीच्या हेग कराराची भारतात २००५ पासून अंमलबजावणी आहे. कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्यामुळे पूर्वी वकिलातीमार्फत करावे लागणारे साक्षांकन सोपे झाले आहे. जुनी माहिती ऐकून दलालास पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही.

पैसा आणि मालमत्ता

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, १ जून २००० पासून अमलात आहे. नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळाच्या वास्तव्यासाठी देश सोडणारी व्यक्ती या कायद्यानुसार अनिवासी ठरते. त्यानंतर तिने येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमास धरून नाही. ते खाते एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. भाडे, लाभांश अशा येथील उत्पन्नासाठी एनआरओ, तर परदेशातील कमाई येथे ठेवून ती हवी तेव्हा परत नेता यावी यासाठी एनआरई, असा ढोबळ भेद लक्षात ठेवावा.

शेतजमिनीबाबत विशेष सावध राहावे. निवासी असताना घेतलेली किंवा वारशाने आलेली जमीन अनिवासी भारतीयास ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या, सातबाऱ्यावरील नोंदी आणि वारसांची नावे ही कामे निघण्यापूर्वी उरकलेली बरी.

तेथील कराचाही विचार येथूनच करावा. कॅनडाचा करनिवासी झाल्यावर जगभरातील उत्पन्न तेथे दाखवावे लागते, म्हणजे गावातील गाळ्याचे भाडेसुद्धा. भारत व कॅनडा यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा १९९६ चा करार असल्याने येथे भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. परंतु उत्पन्न लपविणे हा त्याचा अर्थ नव्हे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तेथे निवासी होण्याच्या दिवशी येथील सोने, शेअर्स, भूखंड यांचा जो बाजारभाव असेल, तीच तेथील करासाठी सर्वसाधारणपणे खरेदीची किंमत धरली जाते. त्या तारखेचे मूल्यांकन करून कागद जपून ठेवला, तर पुढे विक्रीच्या वेळी मोठा कर वाचतो. तसेच सोबत नेण्याचे व मागाहून येणारे दागिने आणि मौल्यवान वस्तू यांची वर्णनासह यादी पहिल्या प्रवेशाच्या वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्यांना द्यावी. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम जवळ असल्यास ती जाहीर करणे बंधनकारक आहे.

व्यवसाय, घर आणि ऋतुमान

येथील पदवी तेथे आहे तशी चालेलच असे नाही. डॉक्टर, अभियंता, शिक्षक, सनदी लेखापाल अशा व्यवसायांना त्या त्या प्रांताची परवानगी लागते आणि ती मिळण्यास काही वर्षेही जातात. तोपर्यंत मिळेल ते काम करण्याची मनाची तयारी असावी. घरच्यांनीही 'इतके शिकून गोदामात काम करतो' असे शब्द ओठांवर आणू नयेत.

येथील बँकेतील पत तेथे उपयोगी पडत नाही. ती शून्यापासून उभारावी लागते. ओंटारिओ प्रांतात घर घेताना पहिल्या महिन्याच्या भाड्याबरोबर शेवटच्या महिन्याचे भाडेही आगाऊ मागितले जाते. सरकारी आरोग्यसेवा प्रांतानुसार बदलते. ब्रिटिश कोलंबियात आल्याचा महिना आणि पुढील दोन महिने थांबावे लागते, म्हणून तेवढ्या काळाचा खासगी विमा असावाच.

कपड्यांची खरेदी येथून भरमसाट करू नये. सुती कापड घाम शोषून ओले राहते आणि थंडीत अंगाला गारवा धरते. म्हणून अंगालगत लोकरीचे किंवा घाम न धरणारे वस्त्र, त्यावर ऊब देणारा थर आणि सर्वांत वर वारा अडविणारा कोट अशी तीन थरांची रचना तेथे चालते. जाड कोट आणि बर्फातील बूट तेथेच घ्यावेत. तेथील वीज १२० व्होल्टची असल्याने येथील २३० व्होल्टचा मिक्सर नुसता प्लग बदलून चालत नाही.

आहाराविषयी दोन शब्द. शाकाहारी जिन्नस मोठ्या शहरांत सहज मिळतात. चौविहार पाळणाऱ्यांना मात्र सूर्याचे गणित नव्याने मांडावे लागते. टोरांटोत जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो, तर डिसेंबरमध्ये पावणेपाचच्या सुमारासच होतो, म्हणजे कामावरून सुटण्यापूर्वीच. नियम किती व कसा पाळावयाचा, हे जाणाऱ्याने स्वतः शांतपणे ठरवून जावे. तेथे गेल्यावर लाजेपोटी सोडू नये आणि येथे फोनवर खोटेही सांगू नये.

मागे राहणारी माणसे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एक मध्यम व्यापारी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. एकुलता एक मुलगा टोरांटोस आहे. येथे रात्री नऊला दुकान वाढविले जाते, तेव्हा तेथे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात; मुलगा कामावर असतो. फोन रविवारी होतो. वडिलांनी मुलास काळजी नको म्हणून छातीतील दुखणे सांगितलेले नाही. मुलाने वडिलांस काळजी नको म्हणून नोकरी गेल्याचे सांगितलेले नाही. दोघेही प्रेमापोटीच गप्प आहेत. आणि एके पहाटे शेजाऱ्यांचा फोन जातो.

त्या पहाटेनंतरचे प्रश्न कठोर असतात. मुलाच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असेल, तर देश सोडल्यावर पुन्हा प्रवेश मिळण्यात अडचण येऊ शकते. तो निघाला तरी अंत्यसंस्कारास पोहोचेलच असे नाही. बँक खाते एकट्या वडिलांच्या नावावर असेल, तर आईच्या हाती घरखर्चासही पैसे नसतात. वडिलांनी कोणास मुखत्यारपत्र दिलेले असले, तरी देणारा निवर्तताच सर्वसाधारणपणे त्याचा अंमल संपतो. मुलाने तेथून मुखत्यारपत्र पाठविले, तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. नामनिर्देशन केलेले असले तरी नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नसते. ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारते. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

हे सर्व टाळण्यासारखे आहे. आई-वडिलांचे बँक खाते दोघांच्या नावे असावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, त्याचा लाभ घ्यावा. मृत्युपत्र साध्या शब्दांत, दोन साक्षीदारांसमक्ष करून ठेवावे. मृत्युपत्र केल्याने कोणाचे आयुष्य कमी होत नाही. आजारपणात रुग्णालयात सही कोणी करावयाची आणि मुलगा वेळेत न आल्यास अग्नी कोणी द्यावयाचा, हेही बोलून ठेवावे. या विषयांना अशुभ म्हणून टाळणारे कुटुंब पुढे त्याची किंमत मोजते.

आई-वडिलांना तेथे नेण्याचा विचार असेल, तर तेथील 'सुपर व्हिसा'वर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाचे ठराविक उत्पन्न आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा वैद्यकीय विमा लागतो. परंतु ज्यांचा दिवस मंदिर, दुकान आणि ओट्यावरच्या गप्पा यांत जातो, त्यांना बर्फाच्या दिवसांत बंद खोलीत करमेल का, हा प्रश्न कोणत्याही अर्जात विचारला जात नाही. तो घरातच विचारावा लागतो, आणि आई-वडिलांचे उत्तर 'नाही' असले तर त्याचाही मान राखावा.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. परंतु ज्या घरात आई-वडिलांना कायद्याचा आधार शोधावा लागतो, त्या घराची शिल्लक आधीच संपलेली असते.

नागरिकत्वाचा निर्णयही याच दृष्टीने घ्यावा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारताचे नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डाने आजीवन ये-जा करता येते, पण मतदानाचा हक्क मिळत नाही. २१ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने कॅनडाच्या नागरिकांसाठी व्हिसासेवा काही काळ थांबविली होती, तेव्हा ज्यांच्याजवळ ओसीआय कार्ड होते त्यांना आजारी आई-वडिलांकडे येता आले. ज्यांनी ते काढण्याचा आळस केला होता ते अडकले. तेथे जन्मलेल्या नातवंडाचे कार्डही म्हणूनच वेळेत काढावे.

बंधू-भगिनींनो, परदेशी जाणे हा गुन्हा नव्हे आणि पराक्रमही नव्हे. मारवाडातून आणि गुजरातेतून लोटा-दोरी घेऊन महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांनीही एके काळी आपले गाव सोडले होते. त्या पिढीने येथील भाषा आपली मानली, पण मागच्या गावाकडचे देणे विसरले नाही. जाणाऱ्याने निघण्यापूर्वीचा एक रविवार राखून ठेवावा. मोबाईल बाजूस ठेवून आई-वडिलांसमवेत बसावे, सर्व कागद एका फाईलमध्ये लावावेत, तिची एक प्रत येथे व एक सोबत ठेवावी, आणि जे बोलायचे राहिले असेल ते बोलून घ्यावे. विमानाचे तिकीट पुन्हा काढता येते. तो रविवार पुन्हा मिळेलच असे नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'मागील पानावरून पुढे' एवढे शब्द लिहूनच पुढची जमा मांडावी.