थांबलेला प्रिंटर

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. शेती, आरोग्य, शिक्षण असे भारदस्त विषय सोडून हा गृहस्थ कागद छापणाऱ्या यंत्राची रडगाणी काय सांगत बसला आहे, असेही कोणास वाटेल. परंतु आदिलाबादसारख्या सीमेवरच्या गावात झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्या माणसाच्या बाकावर येऊन बसा. शेती काय आणि शिक्षण काय, सारे अखेर एका कागदापाशी येऊन ठेपते असे आपल्याला दिसेल. जातीचा दाखला, जमिनीची पहाणी, बँकेचा अर्ज, परीक्षेचे हॉल तिकीट! तेलुगू, मराठी आणि उर्दू अशा तीन भाषांत लोक एकच प्रश्न विचारतात : निघाला का कागद? निजामी अमदानीत येथील कचेऱ्यांचे काम उर्दूत चाले आणि अर्जनवीस बोरूने अर्ज लिहून देत. बोरू मोडला तर चाकूने दुसरा तासता येई. प्रिंटरचे तसे नाही.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यातील एका सकाळी मी दुकानाचे शटर वर करतो आहे तोच बेल्याकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन समोर उभे राहिले. मुलीची प्रवेशपरीक्षा त्याच दिवशी, गावातल्याच केंद्रावर होती. अशा परीक्षांना एका मिनिटाचाही उशीर चालत नाही, हे आपण जाणताच. फाटक बंद व्हावयास जेमतेम पाऊण तास उरला होता. हॉल तिकीट संगणकाच्या पडद्यावर दिसत होते, त्यावर मुलीचा फोटोही होता; पण पडदा काही फाटकावर नेऊन दाखविता येत नाही.

मी छापण्याची आज्ञा दिली. यंत्र ढिम्म. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली. शेतकरीबुवा अगदी हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, तेवढा कागद निघाला पायजे. पोरीचं वर्ष आहे त्याच्यात."

असे कोणी म्हटले की माणसाचे हात चालू लागतात आणि डोके थांबते. मी झाकण उघडले, टोनरचे कार्ट्रिज बाहेर काढले, हलवून परत बसविले, कागद ओढणारा रबरी रूळ ओल्या फडक्याने पुसला. रुळाचाच संशय मला का आला, तेही सांगतो. आपला जिल्हा कापसाचा. हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंग रात्रंदिवस चालतात, आणि रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत दुकानात येऊन त्या रुळावर बसतात. रूळ गुळगुळीत झाला की कागद त्याच्या पकडीतून निसटतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो व आत अडकतो. आणि वैशाखातल्या कोरड्या हवेत कागदाला कागद असा चिकटतो की एकाऐवजी तीन आत जातात. ही दुखणी माझ्या अंगवळणी पडलेली. म्हणून ह्या वेळीही दुखणे तेच असणार, असे मी धरून चाललो. हंगाम सरून गेलेला होता हे लक्षातही आले नाही. ह्यात बारा मिनिटे गेली.

आता क्षणभर त्या मुलीला बाकावर बसवून यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. १९३८ च्या २२ ऑक्टोबरला न्यूयॉर्क शहराच्या ॲस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन नावाच्या गृहस्थाने एक प्रयोग केला. पेटंटच्या कामात नकला उतरवून तो कंटाळला होता. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा त्याने हातरुमालाने घासला. घर्षणाने त्यावर वीज साचली. अक्षरे लिहिलेली काच वर धरून त्याने प्रकाश पाडला. जेथे प्रकाश पोहोचला तेथली वीज ओसरली. मग वर भुकटी टाकली, ती अक्षरांच्या जागी तेवढी चिकटून राहिली, आणि मेण लावलेल्या कागदावर त्याने ती उतरवून घेतली. झेरॉक्सचा जन्म तो. पुढे त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर ह्यांना १९६९ च्या सुमारास सुचले की, काचेवरच्या अक्षरांऐवजी लेसरचा किरणच अक्षरे लिहील. आपल्या दुकानातील लेसर प्रिंटर आजही हेच करतो. गंधकाच्या पत्र्याऐवजी फिरता ड्रम, आणि मेणाऐवजी भुकटी कागदात पक्की करणारा, सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापणारा रूळ.

पण ड्रमपर्यंत पोहोचण्याआधी आपल्या हॉल तिकिटाला दुसरा एक रस्ता चालावा लागतो. संगणक वेगवान, प्रिंटर संथ. म्हणून संगणक आपली कामे एका रांगेत लावून ठेवतो. ही रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला स्पूलर म्हणतात. शिधावाटपाच्या दुकानापुढची रांग डोळ्यांपुढे आणावी. पहिला माणूस खिडकीशी अडून बसला की मागचे सारे खोळंबतात, आणि मागून कितीही ढकलले तरी खिडकी मोकळी होत नाही. आपण आज्ञेची कळ पुन्हा पुन्हा दाबतो तेव्हा रांगेत आणखी माणसे उभी करतो, एवढेच.

मी कार्ट्रिज तिसऱ्यांदा काढणार, इतक्यात मुलगी म्हणाली, "काका, हा पिवळा दिवा मघापासून मिचमिचतोय."

मी पाहिले. खरेच मिचमिचत होता. चौदा वर्षे हा धंदा केलेल्या माणसाला तो दिसला नव्हता.

मग मी पहिल्यापासून करावयास हवे होते ते केले. संगणकाकडून येणारी केबल काढली, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. दिवा शांत झाला. प्रिंटरवरची कळ दाबून धरून त्याचे स्वतःचे चाचणीपान काढले. ते स्वच्छ, काळेभोर आले. म्हणजे रूळ, ड्रम, टोनर, उष्णता सारे ठीक. केबल जोडताच दिवा पुन्हा मिचमिचू लागला. तेव्हा खोड यंत्रात नसून पलीकडून येत होती. एका चाचणीपानाने निम्मे शरीर निरोगी ठरते. हे पान आधी न काढता झाकण उघडणे म्हणजे नाडी न पाहता पोट फाडणे होय.

रांग उघडून पाहिली. अग्रभागी आदल्या संध्याकाळी कोणी तरी धाडलेला चाळीस पानांचा एक दस्त, आणि त्यामागे एकच हॉल तिकीट सहा वेळा! दस्त लीगल मापाच्या लांब कागदावर छापावयाचा होता आणि ट्रेमध्ये होता ए-फोर. लांब कागदाची वाट पाहत बिचारे यंत्र दिव्याने खुणावत होते. दस्त रद्द करण्याची आज्ञा दिली, तर "काढत आहे" असे दाखवून तो तेथेच बसला. अशा वेळी संगणक बंद करून चालू केला तरी पुष्कळदा उपयोग होत नाही, कारण रांग डिस्कवर साठविलेली असते. विंडोजच्या सेवांच्या यादीत जाऊन प्रिंट स्पूलर ही सेवा थांबवावी, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातील प्रिंटर्स हे फोल्डर रिकामे करावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. ते केले. आज्ञा एकदाच दिली.

कागद निघाला, गरम गरम. मुलीने तो हाती घेतला आणि बापलेक मोटारसायकलवरून गेले. नऊ मिनिटे शिल्लक होती. केंद्र जवळच होते. ती वेळेत पोहोचल्याचे वडिलांनी नंतर येऊन सांगितले.

प्रत्येक वेळी दोष रांगेचाच असतो असे नाही. कधी संगणकाने दुसराच प्रिंटर निवडलेला असतो. कधी प्रिंटर "ऑफलाइन" वापरण्याची खूण चुकून लागलेली असते. वायफायवरच्या प्रिंटरचा पत्ता राउटरने बदलला की संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहतो. शाईचा प्रिंटर असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या छिद्रांतली शाई वाळते. म्हणून आठवड्यातून एखादे रंगीत पान काढीत जावे.

त्या दिवशी दुपारी चाळीस पानांच्या दस्ताचे मालक आले. रांगेबरोबर त्यांचे कामही मी पुसून टाकले होते आणि पेन ड्राइव्ह त्यांच्या घरी राहिला होता. त्यांना पुन्हा खेप पडली. सकाळची हकीकत मी त्यांना सांगितली. ती त्यांनी ऐकून घेतली, पण लांब कागद ट्रेमध्ये घालीपर्यंत ते दुकानातून हलले नाहीत.