गुळण्या चालू होत्या, तापही चालू होता

आवाज आज जरा फाटका आहे, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात स्टँड-अप कॉलवर बोलताच येईना. आईला फोन केला. "मिठाच्या गुळण्या कर, आणि उगाच गोळ्या खाऊ नकोस."

तिचं चुकलं नव्हतं. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. कडकडीत नको, मी जीभ पोळून घेतलीय. खारं पाणी सुजलेल्या भागातलं जादा पाणी ओढून घेतं, चिकट कफ सुटतो, थोडा वेळ बरं वाटतं.

आणि इथेच मी फसलो. बरं वाटतंय म्हणत चार दिवस काढले. ताप 102, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, खोकला मात्र अजिबात नाही. डॉक्टरांनी घशाचा स्वॅब घेतला. स्ट्रेप्टोकोकस निघाला. तो गुळण्यांनी जात नाही, अँटिबायोटिक लागतं. अंगावर काढलं तर काही जणांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, हृदयाच्या झडपांपर्यंत दुखणं जातं. "बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडायचा नाही," एवढं त्यांनी दोनदा बजावलं.

आईला सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "गोळ्या वेळेवर घे. आणि गुळण्या बंद करू नकोस."

सध्या दोन्ही चालू आहे.