झाडावर चिकटवलेला कागद: वृक्षतोडीची नोटीस कशी वाचायची?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त थोडी डागडुजी केली आहे.)

 

आजचा विषय तुमच्या रस्त्यावरचाच आहे. बस स्टॉपजवळच्या गुलमोहोरावर, सोसायटीच्या गेटशेजारच्या रेन ट्रीवर किंवा रुंदीकरण होणार असलेल्या रस्त्याकडेच्या वडावर एक ए-फोर कागद चिकटवलेला दिसतो. कधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने बांधलेला असतो. आपण त्याच्यापुढे उभं राहून रिक्षा बुक करतो, रील बघतो, पण कागद वाचत नाही. चार-पाच आठवड्यांनी तिथं बुंधा उरलेला असतो आणि मग आपल्या ग्रुपवर मेसेज पडतो, "अरे, हे कोणी तोडलं? कोणाला विचारून?"

तर उत्तर असं की विचारलं होतं. तुम्हालाच विचारलं होतं. तो कागद म्हणजे तो प्रश्न.

आज आपण तो कागद कसा वाचायचा, त्याला उत्तर कसं द्यायचं आणि कधी द्यायचं ते बघू. यातलं 'कधी' सगळ्यात महत्त्वाचं.

आधी कायदा कोणता ते बघू

महाराष्ट्रात शहरांसाठी एक कायदा आहे आणि शहराबाहेर, शेतातल्या-बांधावरच्या झाडांसाठी दुसरा. लोक इथेच गोंधळतात.

शहरांसाठी आहे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत हा चालतो. यात दोन नावं लक्षात ठेवा: वृक्ष अधिकारी आणि वृक्ष प्राधिकरण. अर्ज जातो वृक्ष अधिकाऱ्याकडे. प्राधिकरण ही समिती असते आणि महापालिकेत तिचे अध्यक्ष आयुक्त असतात.

शहराबाहेर खाजगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. तो सगळ्या झाडांना लागू नाही, त्याला जोडलेल्या अनुसूचीतल्या जातींना लागू आहे. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन वगैरे. म्हणजे तुमच्या आजोबांनी लावलेला आंबा, तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत उभा असला, तरी तोडायला परवानगी लागते. निलगिरी किंवा सुबाभूळ त्या यादीत नाही. आणि लाकूड गाडीत भरून न्यायचं असेल, तर तोडीची परवानगी वेगळी आणि वाहतुकीचा पास वेगळा. पासाचं काम वनखात्याकडे असतं.

गोव्यातल्या मंडळींसाठी १९८४ चा वेगळा कायदा आहे. तिथली एक गंमत सांगतो. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून नारळ काढून टाकला. गोव्यात! नारळ झाड नाही! मग तो तोडायला परवानगी कशाला? लोक भडकले, आंदोलनं झाली आणि २०१७ मध्ये सरकार बदलल्यावर नारळाला पुन्हा झाडाचा मान मिळाला. म्हणून कायद्यात आधी व्याख्या वाचायची सवय लावा.

१९७५ च्या कायद्यातलीही एक व्याख्या उपयोगाची आहे. 'झाड तोडणे' म्हणजे फक्त करवत लावणं नाही. जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे दुकानाचा बोर्ड झाकतंय म्हणून रात्री बुंध्यात ॲसिड ओतणं, हीसुद्धा वृक्षतोडच. "झाड आपोआप वाळलं हो साहेब," असं म्हणून सुटका नाही, फक्त कोणीतरी वेळेत तक्रार करायला हवी.

कागद कुठून येतो?

आता नोटिशीकडे. समजा, एका सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आहे. बिल्डरला अकरा झाडं आड येतात. तो वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. सोबत जागेचे कागद, नकाशा, झाडांची यादी, फोटो, कारण.

अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी करायची असते. मग जाहीर नोटीस काढायची. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि त्या झाडाच्या ठळकपणे दिसेल अशा भागावर नोटीस लावायची. दोन्ही करायचं असतं. वर्तमानपत्रात जाहिरात दिली म्हणून झाडावरची नोटीस माफ होत नाही.

नोटिशीत हरकतीची मुदत लिहिलेली असते. बहुतेक वेळा सात दिवस. त्यात हरकती आल्या, तर त्यांचा विचार करून परवानगी द्यायची की नाही ते ठरतं. आणि परवानगी मिळाली तरी त्याच दिवशी करवत चालवता येत नाही. पंधरा दिवस थांबावं लागतं.

सात आणि पंधरा. हे दोन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. सात दिवस तुमचं म्हणणं मांडायला, पंधरा दिवस त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला.

आरेमध्ये काय झालं?

या तारखा कशा पळतात ते मुंबईच्या आरेमध्ये सगळ्यांनी बघितलं. तेव्हा तुमच्यातले बरेच जण शाळेत असाल, म्हणून क्रमाने सांगतो.

मेट्रो ३ ची कारशेड करायची होती. २९ ऑगस्ट २०१९ ला मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला: २,१८५ झाडं तोडायची आणि ४६१ दुसरीकडे लावायची. नागरिकांच्या हजारो हरकती आल्या होत्या, तरी मंजुरी मिळाली. परवानगीचं पत्र १३ सप्टेंबरचं. तिथून पंधरा दिवस मोजा, येतो २८ सप्टेंबर. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. लोक धावले, जमावबंदी लागली, अटका झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं आणि सोमवारी, ७ ऑक्टोबरला, आदेश दिला की आता आणखी तोडू नका.

पण तोवर २,१४१ झाडं पडली होती. २,१८५ पैकी २,१४१. न्यायालयाच्या आदेशाने उरलेली चव्वेचाळीस वाचली.

यावर कोणी म्हणेल, "बघा, हजारो हरकती देऊन काय उपयोग झाला?" प्रश्न रास्त आहे. हरकत दिली की झाड वाचतंच, असं मी सांगणार नाही. पण घर पाडलं तर भरपाई मिळते, पगार अडवला तर व्याजासकट मिळतो. झाडाच्या बाबतीत तोडल्यानंतरचा न्याय म्हणजे फक्त एक कागद. त्यामुळे झाडासाठी जे काही करायचं, ते झाड उभं असतानाच.

आणि याच आरेची पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रोला ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे अर्ज करायची मुभा दिली. पुढे नोटीस निघाली, ती १७७ झाडांची! मुभा ८४ ची, नोटीस १७७ ची. नोटीस वाचणाऱ्यांना हा फरक दिसला आणि प्रकरण परत न्यायालयात गेलं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो कंपनीला दहा लाख रुपये भरायला लावले. हेही सांगतो की लोकांच्या पैशाचं काम अडकू नये म्हणून ती १७७ झाडं काढायला परवानगीही दिली. म्हणजे पूर्ण जिंकणं नाही. पण एवढ्या मोठ्या कंपनीला न्यायालयात जाब द्यावा लागला, तो कोणीतरी आकडा नीट वाचला म्हणून.

मग नोटीस वाचायची कशी?

फोन काढा, नोटिशीचा फोटो घ्या. कागद आणि झाड एकाच फ्रेममध्ये येतील असा एक, जवळून एक. लोकेशन आणि तारीख चालू ठेवा. मग पाच गोष्टी तपासा.

एक, तारीख आणि क्रमांक. मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची ते यावरून ठरतं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची तारीख आणि झाडावरच्या कागदाची तारीख एकच आहे का ते बघा. सातव्या दिवशी कागद लावला असेल, तर तीच तुमची पहिली हरकत.

दोन, संख्या. नोटिशीत किती झाडं आणि जागेवर किती? चालत जाऊन मोजा. किती तोडायची आणि किती पुनर्रोपण करायची, हे वेगवेगळं लिहिलंय का?

तीन, जात. वडाला नुसतं 'जंगली झाड' लिहिलंय का?

चार, वय. हे फार महत्त्वाचं. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज ट्री, म्हणजे प्राचीन वृक्ष, असा दर्जा आला. आणि भरपाई म्हणून जितकं झाडाचं वय, तितकी नवीन झाडं लावायची, असं ठरलं. आता विचार करा, साठ वर्षांच्या चिंचेचं वय कागदावर पंचवीस लिहिलं तर काय होईल? प्राचीन वृक्षाचा दर्जा गेला आणि लावायची झाडंही पस्तीसने कमी झाली. म्हणून बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर टेपने मोजा. सोसायटीतल्या जुन्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्याकडे लग्नाचे, मुंजीचे फोटो असतात, त्यात मागे ते झाड उभं असतं. गूगल अर्थवर जुनी उपग्रह छायाचित्रं बघता येतात. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायची असते, तिच्यातली नोंदही मागा.

पाच, कारण. 'विकासकाम' एवढंच लिहिलंय की नेमकं सांगितलंय? झाड गाडीच्या रॅम्पमध्ये येतंय की फक्त बांधकामाचं सामान ठेवायला अडचण होतेय? खूपदा रॅम्प दोन मीटर सरकवला तरी झाड वाचतं.

हरकत कशी लिहायची?

"झाडं आपली आई आहेत, कृपया तोडू नका," ही हरकत नाही, ही भावना झाली. भावना चांगलीच आहे, पण अधिकाऱ्याला तिच्यावर शेरा मारता येत नाही. हरकत अशी लिहा:

"प्रति, वृक्ष अधिकारी. आपली अमुक तारखेची, अमुक क्रमांकाची नोटीस वाचली. यादीतील झाड क्रमांक ४, चिंच, याचे वय २५ वर्षे नोंदवले आहे. जागेवर घेर इतका सेंटिमीटर आढळला, सोबत जुने छायाचित्र जोडले आहे. वयाची फेरतपासणी करावी. हे झाड नकाशात इमारतीच्या रेषेबाहेर दिसते, ते जागेवर ठेवून काम करता येईल का, याचे लेखी उत्तर मिळावे. पाहणी अहवालाची प्रत मिळावी आणि निर्णयापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे."

बस. एक पान पुरे. ईमेलही करा आणि कार्यालयात जाऊन पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. तिच्याशिवाय निघू नका. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर हीच पोच दाखवायची असते.

बरेच जण लगेच माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. टाका, पण त्याच्या उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. हरकतीला सात. उत्तर येईपर्यंत झाडाची फळी झालेली असेल. म्हणून आधी हरकत, मग माहिती अधिकार.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलू. प्रत्येक झाड वाचवायचंच असं नाही. पोखरलेलं, झुकलेलं झाड पावसाळ्यात माणसावर पडतं आणि जीव जातो. अशा झाडासाठी हरकत घेऊ नका, उलट स्वतः अर्ज करा. तुम्ही धोकादायक झाडाला धोकादायक म्हणालात, तर पुढच्या वेळी चांगल्या झाडासाठी बोलाल तेव्हा तुमचं ऐकलं जाईल.

परवानगी मिळालीच, तर काम संपत नाही. बदल्यात लावायची झाडं कुठे लावणार, त्याचं जिओ-टॅगिंग कुठे आहे, ते विचारा. २०२१ च्या दुरुस्तीत ती झाडं सात वर्षं जपायची जबाबदारीही आहे. दरवर्षी एका दिवशी जाऊन मोजून या. जगलेली किती, काठ्या किती.

तर मंडळी, या आठवड्यात एकच करा. घरापासून स्टेशनपर्यंत किंवा कॉलेजपर्यंत चालताना झाडांच्या बुंध्यांकडे बघा. कुठे कागद दिसला, तर थांबा, तारीख वाचा आणि सात दिवसांतले किती उरलेत ते मोजा. नोटिशीचा फोटो आम्हाला पाठवलात, तर पुढच्या एखाद्या भागात आपण ती सगळे मिळून वाचू.

आणि हा भाग तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. "कोणी तोडलं?" असा मेसेज पडायच्या आधी.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!