शत्रूलाही वकील

मंडळी, आज जरा अवघड विषय काढणार आहोत. चावडीवर आम्ही पुष्कळदा ऐकतो, "अतिरेकी सापडला की तिथल्या तिथं गोळी घालावी. कोर्टकचेरी कशाला? त्याला तुरुंगात बसवून पोसायचं कशाला?" हे बोलणं रागाचं आहे, आणि राग काही खोटा नाही. तरी मुंबईत काय घडलं ते आधी नीट ऐका.

2008 साल, 26 नोव्हेंबरची रात्र. पाकिस्तानातून समुद्रमार्गे दहा जण आले. लष्कर-ए-तय्यबा नावाच्या संघटनेने त्यांना शिकवून, हत्यारं देऊन धाडलं होतं. वाटेत त्यांनी 'कुबेर' नावाची आपली मासेमारी बोट पळवली, तिच्यावरचे खलाशी मारले. मग मुंबईत उतरून रेल्वेचं मोठं स्टेशन, हॉटेलं, इस्पितळ, जिथं माणूस दिसेल तिथं गोळीबार केला. 166 माणसं गेली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते. गोळी काही जात विचारत नाही.

त्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलिसांनी एक मोटार अडवली. तुकाराम ओंबळे नावाचे पोलीस अधिकारी तिथं होते. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, म्हणजे आपल्यासारख्याच शेतकऱ्याच्या घरचे. हातात फक्त लाठी. त्यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या पोटात घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. बाकीचे नऊ लढाईत मारले गेले. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

जिवंत सापडला याचा उपयोग काय झाला? आधी पाकिस्तान म्हणत होतं, हा आमचा नव्हेच. पण जबाब झाले, पुरावा जगापुढे गेला. 2009 च्या फेब्रुवारीत त्यांच्याच मंत्र्याला कबूल करावं लागलं की कटाचा काही भाग आमच्या भूमीवर शिजला. कसाबला त्याच रात्री मारून टाकला असता, तर हे कुणाच्या तोंडून वदवलं असतं?

खटला उभा राहिला. आरोपीला वकील हवा, हा आपला कायदा. पण वकील मिळेना. एका वकीलबाईंची नेमणूक झाली, तर जमावाने त्यांच्या घरावर दगड टाकले. आम्हांला विचाराल तर ही गोष्ट लाजिरवाणी होती. ती बाई काही अतिरेक्यांच्या बाजूची नव्हती. ती कोर्टाचं काम करत होती. अखेर दुसरे वकील मिळाले. आर्थर रोडच्या तुरुंगातच कोर्ट बसलं. सहाशेवर साक्षी झाल्या. पायाला गोळी लागलेली एक लहान पोर कुबडी घेऊन कोर्टात आली आणि तिने कसाबकडे बोट दाखवलं.

आता यातलं खरं कठीण पुढेच आहे. कसाबबरोबर दोन हिंदी माणसांवरही खटला होता. त्यांनी नकाशे काढून दिले, असा आरोप. एक नकाशा मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात मिळाला, असं सांगण्यात आलं. न्यायाधीशांनी पाहिलं, कपडे रक्ताने भिजलेले आणि नकाशावर रक्ताचा डागही नाही! 2010 सालच्या मे महिन्यात कसाबला फाशी सुनावली. ते दोघे मात्र या खटल्यातून सुटले. हायकोर्टानेही तेच ठरवलं, सुप्रीम कोर्टानेही. सारा देश चिडलेला असताना असा निकाल द्यायला छाती लागते. उद्या तुमच्याआमच्यातल्या कुणावर असाच कागद पुढे आला, तर तो कागद तपासणारा कुणीतरी हवा ना?

कसाबचा दयेचा अर्जही वाचला गेला, मग फेटाळला गेला. 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्याला फाशी झाली. जवळजवळ चार वर्षं लागली. उशीर झाला म्हणणारे आहेत, त्यांचं म्हणणं आम्ही झिडकारत नाही. पण रुजुवात न करता घाई करणं, ते आम्हांला पटत नाही.

अशा हल्ल्यामागे आणखी एक डाव असतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या गळ्याला लागावं, असा. त्या वेळी मुंबईच्या मुसलमान मंडळींनी त्या नऊ मुडद्यांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायचं साफ नाकारलं. तिकडे हल्ला संपला त्याच दिवशी, 29 नोव्हेंबरला, दिल्लीत विधानसभेचं मतदान होतं. लोक रांगा लावून मत देऊन आले.

आणि सरकारला जाब विचारला तोही लोकांनीच. किनाऱ्यावर पहारा का नव्हता? दिल्लीहून कमांडो यायला इतका वेळ का लागला? केंद्राचे गृहमंत्री गेले, राज्याचे मुख्यमंत्री आणि गृहमंत्रीही पायउतार झाले. पुढे कमांडोंचं ठाणं मुंबईतच आलं, तपासासाठी देशभराची वेगळी यंत्रणा उभी राहिली. जाब विचारणारा देशद्रोही, असं त्या वेळी लोकांनी कुणाला म्हणू दिलं असतं, तर यातलं काय झालं असतं, ते तुम्हीच बघा.

काम अजून पुरं झालेलं नाही. कट रचणारे बरेच जण पाकिस्तानातच राहिले. तहव्वूर राणा नावाच्या एका आरोपीला मात्र अमेरिकेने 2025 सालच्या एप्रिलात आपल्या हवाली केलं. त्याला दिल्लीच्या कोर्टापुढे उभं केलं, तेव्हा त्यालाही सरकारी मदतीतून वकील देण्यात आला.