माझी ग्रीक पुस्तकं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू पुस्तकी किडा, तेव्हा वाचनावर बोल, पण दहा मिनिटांत आटप." दहा मिनिटांत सगळं वाचन मावत नाही, म्हणून मी एक कोपरा धरला आहे. तो म्हणजे ग्रीसचा. मी ग्रीसला कधी गेलेले नाही आणि मला ग्रीक येत नाही. जे वाचलं ते मराठीतून आणि काही इंग्रजीतून. पण गेली चाळीस वर्षं ही पुस्तकं माझ्या उशाशी आहेत.

सदाशिव पेठेतल्या माणसाचा ग्रीसशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण आपण सगळे दुसरी-तिसरीपासून ग्रीक वाचत आलो आहोत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, लांडगा आला रे आला, हे सगळं इसापचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरच्या सरफोजी राजांनी आपल्या छापखान्यात या गोष्टी मराठीत छापवल्या. पुढे १८२८ साली बापू छत्र्यांची 'इसापनीतिकथा' आली. मराठी छपाईचं बाळसं या ग्रीक गोष्टींवर वाढलं म्हटलं तरी चालेल. आज कोल्ह्याची द्राक्षं मूळची परकी आहेत हे सांगूनही पटत नाही, इतकी ती आपली झाली आहेत.

शब्दांचंही तसंच आहे. मतदान केंद्र, परीक्षा केंद्र हे शब्द आपण रोज वापरतो. त्यातलं 'केंद्र' म्हणजे ग्रीक 'केंत्रॉन', कंपासचं जे टोक कागदावर रुतून बसतं ते. ज्योतिषातला 'होरा' हाही ग्रीकांकडूनच आला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली आपल्या पुण्यातूनच 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडचं काय आणि यवनांकडून आलेलं काय, या प्रश्नाचा त्यात त्यांनी कसून विचार केला आहे. तो भाग मला फार आवडतो, कारण दीक्षित न चिडता, एकेक पुरावा तपासत पुढे जातात. वराहमिहिरानेही यवन हे म्लेंच्छ असले तरी या शास्त्रातल्या ज्ञानामुळे ऋषींप्रमाणे पूज्य आहेत, असं मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. दुसऱ्याकडून काही घेतलं म्हटल्यावर आज आपण जितके अस्वस्थ होतो, तितका तो झाला नव्हता.

आता सॉक्रेटिस. पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्याचं चरित्र १८५२ सालीच मराठीत आणलं. मला तो खरा भेटला मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकात. अतुल पेठे यांचं दिग्दर्शन आणि सत्तरी ओलांडलेले डॉ. श्रीराम लागू सॉक्रेटिसच्या भूमिकेत. नाटक पाहून आले आणि प्लेटोचं 'ॲपॉलॉजी' इंग्रजीतून वाचायला घेतलं. त्यात एक तपशील आहे. निकाल लागल्यावर सॉक्रेटिस म्हणतो की नुसती तीस मतं फिरली असती तर मी सुटलो असतो. इ.स.पू. ३९९ मधली ही गोष्ट, पण वाचताना वाटतं की आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बसलो आहोत. सतत प्रश्न विचारणारा माणूस सगळ्यांना नकोसा होतो आणि चांगली, सज्जन माणसंही हात वर करून त्याच्याविरुद्ध मत देतात. शाळेत आपल्या वर्गातही असा एक मुलगा होता. तो आज इथे बसला आहे, म्हणून नाव सांगत नाही!

पण ज्या पुस्तकाने मला खरोखर काही करायला लावलं, ते म्हणजे पु. ल. देशपांडे यांचं 'राजा ओयदिपौस'. हसवणाऱ्या पुलंनी १९७९ साली सॉफोक्लिसची ही भीषण शोकांतिका मराठीत आणली. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, रात्री त्यांच्या खाटेशी बसून मी ती पुन्हा वाचत होते. घरात ठरलं होतं की दादांना आजाराचं नाव सांगायचं नाही. नाटकात राणीला सत्य आधी उमगतं आणि ती राजाला कळवळून विनवते की आता पुढे विचारू नका. राजा थांबत नाही. म्हाताऱ्या धनगराला तो बोलतं करतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी मला विचारलं, "रिपोर्टात काय आहे ते सरळ सांग." मी सांगितलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. दादा त्यानंतर अकरा आठवडे होते. त्यांनी बँकेची कागदपत्रं लावून ठेवली, अबोला धरलेल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं आणि आईला खूप काही सांगितलं. माझे थोरले काका आजही म्हणतात की सांगायला नको होतं. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सत्य कळल्यावर ओयदिपौसचे डोळे जातात, हे सॉफोक्लिस लपवत नाही. पण जो विचारतो त्याला ऐकण्याचा हक्क आहे, हे मला त्या नाटकाने त्या रात्री शिकवलं.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेचा उत्तम नमुना म्हणून हेच नाटक पुन्हा पुन्हा का पुढे केलं, ते हवं असेल तर विंदा करंदीकरांचं 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' वाचा. जड आहे. रोज दोन पानं वाचली तर पचतं.

शेवटी होमर. 'इलियड'मध्ये लाकडी घोडा येईल म्हणून मी वाट पाहत राहिले, आणि तो आलाच नाही. काव्य संपतं ते हेक्टरच्या अंत्यविधीने. त्याआधी म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत जातो आणि ज्याने मुलाला मारलं त्या अकिलिसचे हात चुंबतो. दोघे रडतात, मग एकत्र जेवतात. आपल्या महाभारतातलं स्त्रीपर्व आठवलं. रणांगणावर प्रेतं शोधणाऱ्या बायका आणि मुलाचं प्रेत मागणारा हा बाप, दोन्हीकडे जिंकलेला आणि हरलेला यांच्या दुःखाची जात एकच आहे.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला ही मराठी पुस्तकं मी आज भेट देते आहे. मुलांनी ती हाताळून मळवावीत, एवढीच अट.

आणि एक सूचना. कार्ल्याच्या लेण्यांत चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नोंद ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांना इथे यवन म्हणत, त्यांनी बौद्ध लेण्यासाठी आपल्या डोंगरात खांब दिले! आपण एकवीरेच्या दर्शनाला जातो आणि त्या खांबांवरून नजर न टाकता परत येतो. या हिवाळ्यात बॅचची सहल तिथे काढू या. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे सगळ्यांचेच दुखतात, तेव्हा सावकाश चढू.