अर्ध्या सेकंदाचा संशय

आजचा प्रश्न साधा आहे. ऑनलाइन जगात आपण कुणाला जाणकार मानतो, आणि कशावरून?

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सीनियरचा कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला होता. साडेतीनशे ओळी. मी दोन मिनिटांत अप्रूव्ह केला. वाचला का? नाही. डोक्यात एवढंच होतं, दादा बारा वर्षं हेच करतोय, मी काय तपासणार त्याचं? रात्री अकराला पेमेंट बंद पडलं. चूक त्याची होती, पण खाली सही माझी होती.

हीच सवय किती महागात पडू शकते, ते २०२४ मध्ये जगाने पाहिलं. एक्सझेड युटिल्स नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. फाइलचा आकार कमी करायचा, एवढंच त्याचं काम. पण लिनक्सच्या बहुतेक सगळ्या प्रमुख आवृत्त्यांमध्ये ते असतं, आणि आपल्या फोनमधली कितीतरी अ‍ॅप्स लिनक्सच्याच सर्व्हरशी बोलत असतात. हे सांभाळत कोण होतं? फिनलंडचा लासे कोलिन. जवळजवळ एकटा, बिनपगारी, फावल्या वेळात.

२०२१ मध्ये 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी तिथे आलं. छोट्या दुरुस्त्या पाठवायला लागलं. काम नीट, बोलणं सौम्य. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली, त्यातलं एक होतं 'जिगर कुमार'. यांचा तगादा एकच: कामं रखडलीत, नवा माणूस घ्या. कोलिनने सांगितलं, मानसिक आरोग्याचा त्रास आहे, आणि हे काम मी हौसेने करतोय. तगादा थांबला नाही. ही नावं त्याच कटाचा भाग असावीत, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

हळूहळू जिया टॅनच्या हातात किल्ल्या आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती आली, आणि तिच्यात एक चोरदरवाजा लपवलेला होता. ज्याच्याकडे त्याची गुप्त चावी, त्याला दुरूनच सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता आली असती.

आता बघा, आपण लोकांना कशावरून जोखतो? किती दिवस आहे, किती काम केलंय, बोलतो कसा, आणि चार जण त्याच्या बाजूने बोलतात का. जिया टॅनकडे हे चारही होतं. दोन-अडीच वर्षांचा संयम ठेवून कमावलेलं.

मग पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरने. तो पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करतो. आपल्या मशिनवर टेस्ट घेताना त्याला दिसलं की एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोट घेतला असता आणि विसरलो असतो. तो खणत गेला, आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा बहुतेक स्थिर आवृत्त्यांमध्ये पोहोचायच्या आत सापडला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. त्याने तिथेच लिहिलं होतं की मी सिक्युरिटी रिसर्चर नाही. म्हणजे अधिकार सांगितलाच नाही. काय दिसलं, कुठल्या फाइलमध्ये, किती वेळ लागला, हे मांडलं. लोकांनी स्वतः तपासलं आणि काही तासांत धावाधाव सुरू झाली.

याचा अर्थ अनुभवाला किंमत नाही असा अजिबात नाही. तो अर्धा सेकंद खटकायला वर्षानुवर्षांची नजर लागते. पण खरा अनुभव नावापुढच्या टिकमध्ये दिसत नाही, माणूस काय दाखवतो त्यात दिसतो.

आणि कोलिनला दोष देऊ नका. थकलेल्या माणसाला मदतीचा हात मिळाला, त्याने धरला. आपणही तेच केलं असतं. आपण सगळे त्याचं काम फुकट वापरत होतो आणि त्याच्या मदतीला कुणी जात नव्हतं, ही चूक आपली.

प्रत्येक गोष्ट तपासणं कुणालाच शक्य नाही, मलाही नाही. पण शेअरची टिप असो, औषधाचा सल्ला असो किंवा सीनियरचा कोड, आता मी एक प्रश्न विचारतो: "हे मला स्वतःला कसं पडताळता येईल?" जाणकार माणूस या प्रश्नावर खूश होतो. जो चिडतो, घाई करतो किंवा फॉलोअर मोजून दाखवतो, तिथे मी थांबतो.

त्या सीनियरलाही मी पुढच्या वेळी हेच विचारलं, जरा घाबरतच. तो हसला आणि म्हणाला, "बस, एकेक ओळ बघू." त्या दिवशी आम्हाला दोन चुका सापडल्या. एक त्याची, एक माझी.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. आणि हो, मी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. एक्सझेडची गोष्ट स्वतः शोधून वाचा!